दहा कनेक्शने आणि वत्सलाबाईंचे डबे

मी एक जुने कनेक्शन आहे. थांबा मित्रांनो, लगेच मीटरकडे बघू नका. मी विजेचे नाही, नळाचे नाही आणि गॅसचेही नाही. ती मंडळी निदान डोळ्यांना दिसतात, त्यांची बिले येतात, माणसे त्यांच्या नावाने बोटे मोडतात. माझ्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. मी एका संगणकाच्या पोटात राहते. माझ्या एका बाजूला जावा नावाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम आहे. दुसऱ्या बाजूला माहितीचे मोठे कोठार आहे, त्याला डेटाबेस म्हणतात. प्रोग्रामने काही विचारायचे, मी कोठारात जायचे, सापडेल ते आणून द्यायचे आणि आपल्या जागी परत येऊन बसायचे. एवढेच माझे काम. पण त्यातले शेवटचे परत येणे विसरले, की काय अनर्थ होतो, ते सांगायला मी आज बसले आहे.

बीडच्या एसटी स्टँडमागे पाशाभाईंचे गॅरेज आहे. गॅरेजच्या डोक्यावर एक खोली आहे आणि त्या खोलीत आमचा संगणक आहे. पाशाभाईंची मुलगी जोया शिकून इंजिनिअर झाली. दिवसा ती घरी बसून एका कंपनीचे काम करते. उरलेल्या वेळात तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी 'साद' नावाची वेबसाइट काढली. कुणाला रक्त हवे असेल तर त्याने रक्तगट टाकायचा, की जवळच्या रक्तदात्याचे नाव आणि फोन समोर येतो. एकदा रक्त दिले की त्या दात्याला काही महिने विश्रांती. तेवढा काळ 'साद' त्याचे नाव झाकून ठेवते. मुदत संपली की त्याला संदेश जातो, आणि त्याने 'मी तयार आहे' असे बटण दाबले की नाव पुन्हा उघडे होते.

या कामासाठी जोयाने मला जन्माला घातले. एक कनेक्शन जोडणे वाटते तितके सोपे नसते हो. दार ठोठावा, नाव सांगा, परवलीचा शब्द सांगा, पलीकडच्याची खात्री पटवा. पाहुणा दारात आल्यापासून त्याच्या हातात पाण्याचा तांब्या येईपर्यंत जेवढे सोपस्कार, तेवढे सगळे आले. येणाऱ्या प्रत्येकासाठी नवे कनेक्शन जोडायचे आणि काम झाले की फेकून द्यायचे, तर संगणकाच्या नाकी नऊ येतील. म्हणून जोयाने आम्हा दहा भावंडांना एकदमच जोडले आणि तयार ठेवले. ज्याला गरज लागेल त्याने एकाला घेऊन जायचे आणि काम झाले की परत आणून ठेवायचे. आमच्या या घराला जावावाले पूल म्हणतात. नदीवरच्या पुलाशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही आपली पाशाभाईंच्या गॅरेजमधली फळी डोळ्यांसमोर आणा.

ती फळी भिंतीवर आहे आणि तिच्यावर प्रत्येक पान्याची ठरलेली खुंटी आहे. पाशाभाईंचा स्वभाव गोड, पण पान्याच्या बाबतीत ते सख्ख्या भावाचेही ऐकत नाहीत. नट सुटला तरी पाना खुंटीवर गेला पाहिजे आणि नट तुटून हातात आला तरी पाना खुंटीवर गेला पाहिजे. जोया त्याच गॅरेजात लहानाची मोठी झाली. तिने लिहिलेल्या प्रत्येक ओळीत तो कायदा उतरला होता. काम फत्ते होवो की फसो, मधे काही मोडो की कोसळो, कनेक्शन घरी परत गेलेच पाहिजे.

ते दिवस फार सुखाचे होते. सकाळी उठावे, कुणासाठी तरी धावत कोठारात जावे, नाव आणावे, परत येऊन बसावे. कधी नाव सापडायचे, कधी सापडायचे नाही. सापडले नाही तर आम्ही रिकाम्या हाताने परत यायचो आणि समोरच्याला तसे सांगितले जायचे. त्यात आम्हाला कधी लाज वाटली नाही. आम्ही दहा आणि माणसे शेकडो, तरी कुणाचा खोळंबा झाला नाही, कारण कुणीच आम्हाला धरून ठेवत नव्हते. जोयाचा सत्कार झाला, पेपरात फोटो छापून आला. आमचा फोटो कोण काढणार? पण ज्याचे कुठे अडत नाही त्याची आठवण कुणाला येत नाही, हा जगाचा नियमच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग आदिनाथ आला. मुलगा लाखात एक. मूळ पाटोद्याकडचा, बीडमध्ये आईबरोबर भाड्याच्या घरात राहतो, एका क्लासमध्ये संगणक शिकवतो. जोयाकडून त्याने जावा शिकून घेतली आणि 'साद'चा फोनही तोच सांभाळू लागला. त्याची आई वत्सलाबाई म्हणजे अन्नपूर्णा. गॅरेजच्या माणसांसाठी कधी धपाटे, कधी मेथीची भाजी, कधी शेंगदाण्याची चटणी असे काही ना काही ती डब्यात भरून पाठवायची. आता डबा आला की परत जायला हवा. पण कुणाचे भांडे रिकामे परत करू नये, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. जोयाची आई बीबीजान या रीतीला वत्सलाबाईंपेक्षाही पक्की. डब्यात घालायला काहीतरी छानसे करू, मग देऊ, असे म्हणता म्हणता डबे साचत गेले. घासूनपुसून लखलखीत केलेले वत्सलाबाईंचे तीन डबे आमच्या खोलीच्या फळीवर कधीपासून पालथे पडले होते. इकडे आदिनाथ स्वतःची भाकरी फडक्यात बांधून आणायचा, कारण घरात डबाच उरला नव्हता. दोन्ही घरांची एवढी माया, की पोराच्या जेवणाला भांडे नाही! मला तेव्हा याचे हसू यायचे.

एके दिवशी भिवराबाई नावाच्या म्हातारीचा फोन आला. नातवासाठी रक्त हवे होते आणि 'साद'वर 'रक्तदाता सापडला नाही' असे आले होते. तिने रागावून काही म्हटले नाही. "न्हाई म्हनू नका लेकरा, अजून बघा की जरा," एवढेच म्हणाली. तिने फोन ठेवला आणि थोड्याच वेळात त्याच गटाच्या एका दात्याने नाव नोंदवले. आदिनाथने तिला लगेच कळवले, नातवाचे भागले. पण त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. मधल्या वेळात त्या म्हातारीच्या जिवाचे काय झाले असेल, हेच त्याच्या डोक्यात घोळत राहिले.

आईच्या हाताखाली वाढलेला मुलगा तो. त्याने ठरवले, यापुढे 'साद'च्या दारातून कुणी रिकाम्या हाताने जाणार नाही. त्याने प्रोग्राम बदलला. नाव सापडले नाही तर कनेक्शनने परत यायचे नाही. तिथेच थांबायचे, जरा वेळाने पुन्हा कोठारात बघायचे, पुन्हा थांबायचे, पुन्हा बघायचे, आणि नाव मिळेल तेव्हाच घरी यायचे. तोवर माणसाच्या फोनवर 'शोध सुरू आहे' अशी अक्षरे फिरत राहतील. त्याने स्वतःच्या फोनवर एकट्याने शोध लावून पाहिला, पाशाभाईंच्या नावाने एक खोटा दाता घातला, आणि काय आश्चर्य, सगळे झकास चालले. जोयाच्या मागे तेव्हा कंपनीच्या कामाची घाई होती. तपासलेस ना, असे तिने विचारले. तपासले, असे तो म्हणाला आणि ते खोटे नव्हते. फक्त त्याने एकट्याने तपासले होते.

आणि मग ती सकाळ उजाडली.

कडा गावाकडच्या एका खेड्यातला राधाकिशन आपल्या बायकोला, अंजूला, घेऊन बीडच्या दवाखान्यात आला होता. अंजूला मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हते. ऑपरेशन करावे लागणार होते आणि तिचा रक्तगट होता बी निगेटिव्ह. हा गट मोठा दुर्मीळ. रक्तपेढीत होती ती एकच पिशवी तिला चढली होती. दुसरीची सोय दुपारच्या आत करा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. राधाकिशनने दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून 'साद' उघडली, गट टाकला, आणि प्रोग्रामने त्याच्यासाठी मला उचलले.

मी धावत कोठारात गेले. बी निगेटिव्हची मोजकीच नावे होती. एक दाता ऊसतोडीला गेलेला, एक पुण्याला, बाकीच्यांची नावे रक्त दिल्यापासून अजून झाकलेलीच. मी रिकामी राहिले. जुना कायदा असता तर मी तशीच परत आले असते आणि राधाकिशनला तिथल्या तिथे 'नाही' कळले असते. पण नव्या हुकमाने मला जागेवर रोखले. मी उभी राहिले. पुन्हा पाहिले. पुन्हा काही नाही.

राधाकिशनने तोवर सगळ्या नातेवाइकांना फोन लावले होते. आपल्याकडची माणसे अशा वेळी हातावर हात धरून बसतात का? अंजूच्या भावाने गट टाकला. चुलत्याने टाकला. मावशीच्या मुलाने पुण्यातून टाकला. शेजारच्या गुरुजींनीही टाकला. सगळ्यांनी टाकलेला गट एकच, अंजूचा बी निगेटिव्ह, आणि प्रत्येकाच्या पोटात माया. प्रत्येक वेळी माझे एकेक भावंड उचलले गेले, कोठारात जाऊन आले आणि माझ्या शेजारी तिष्ठत उभे राहिले. बघता बघता आमचे घर रिकामे झाले. दहाच्या दहा बाहेर, आणि काम एकही नाही.

दाराबाहेर आता गर्दी साचू लागली. कुणाला ओ पॉझिटिव्ह हवे होते, ते क्षणात मिळाले असते. पण आणायला जाणार कोण? प्रत्येकाने अर्धा मिनिट वाट बघायची आणि 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असे ऐकून परत फिरायचे, असे चालले होते. आणि त्या गर्दीत मला एक ओळखीचा ठोका ऐकू आला.

तो कलीम होता. कलीम कोर्टासमोर सीताफळांचा गाडा लावतो. त्याचा गट बी निगेटिव्ह. त्याची विश्रांतीची मुदत संपली होती, तसा संदेश त्याला गेला होता, आणि बोहनी झाल्या झाल्या तो इमानाने 'मी तयार आहे' हे बटण दाबत होता. ती खबर कोठारात लिहायला आमच्यापैकी एक जण हवा होता. एकच. आणि आम्ही दहाही जण कोठारात उभे राहून, कुणी बी निगेटिव्ह येतो का, म्हणून वाट बघत होतो! ज्याची वाट बघायची तोच दारात उभा आणि दार आम्हीच अडवलेले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. पण कनेक्शनला स्वतःचा आवाज नसतो. विचारले तेवढेच ते आणते.

कलीमने एकदा दाबले, नाही झाले. गिऱ्हाईक आले, त्याला सीताफळे तोलून दिली, पुन्हा दाबले, पुन्हा नाही. नेट गेले असेल म्हणून त्याने फोन खिशात टाकला. दवाखाना त्याच्या गाड्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

इतक्यात खोलीतला फोन वाजला. राधाकिशनच होता.

"दादा, शोध सुरू हाय म्हनतंय कवाचं. सापडंल ना?"

"सुरू हाय म्हंजे सापडंलच, भाऊ," आदिनाथ म्हणाला.

"नगरला एक पिशवी हाय म्हनतेत. मेव्हन्याला गाडी घिऊन धाडू का? जायला-यायला लई येळ जाईल."

"थांबा जरासं. हितं मिळत असताना नगरला कावून जाता?"

राधाकिशन बरे म्हणाला आणि थांबला. हे ऐकताना माझा जीव किती कासावीस झाला, ते काय सांगू? आदिनाथच्या बोलण्यात खोट नव्हती. पडद्यावर 'शोध सुरू आहे' असे दिसत होते आणि त्या अक्षरांवर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास होता, कारण ती त्यानेच लिहिली होती.

मग आणखी फोन आले. साइट उघडत नाही, नाव नोंदवता येत नाही, अशा तक्रारी. आदिनाथ घाबरला. त्याने इंटरनेटवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले. बिचाऱ्याची लाइन ठणठणीत होती, पण चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसे झाले. त्याने तारा काढून पुन्हा खोचल्या. संगणकाला हात लावून पाहिला, तो गार होता. कोठारात डोकावला, तिथे शांतता होती, जवळपास कुणी काही विचारतच नव्हते. ताप नाही, खोकला नाही, आणि माणूस तर उठत नाही! आदिनाथला काही सुधरेना.

जोया घरून धावत आली. तिने खुर्ची ओढली आणि प्रोग्राम या घडीला नेमका कुठे उभा आहे, ते पडद्यावर काढले. मग तिचे बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उतरत गेले आणि ती थबकली.

"दहाच्या दहा बाहेर हायेत," ती म्हणाली, "आन एकबी काम करीना. यांला धरून कोन बसलंय?"

आदिनाथचा चेहरा उतरला. "मीच सांगितलंय त्यांला. काई मिळाल्याबिगर परत यायचं न्हाई म्हून." मग त्याने भिवराबाईंची सगळी हकिगत तिला सांगितली.

जोया भडकेल, असे मला वाटले होते. ती भडकली नाही. तिची नजर फळीवरच्या पालथ्या डब्यांकडे गेली.

"आदिनाथ, रिकामा डबा परत द्यायचा न्हाई म्हून तू सगळेच डबे अडकवून ठेवले. आता ज्याच्या घरी भाजी हाय, त्यानं ती आनायची कशात?"

सगळे आदिनाथच्या एका क्षणात लक्षात आले आणि त्याबरोबर नगरच्या पिशवीचीही आठवण झाली. त्याने राधाकिशनला फोन लावला, पण तो लागेना. राधाकिशन दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता.

प्रोग्राम दुरुस्त करून पुन्हा चढवायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ हाताशी नव्हता. जोयाने ठरवले, आधी दार मोकळे करायचे. कोठाराला मालकिणीचे म्हणून एक मागचे दार असते, त्यातून ती आत आली. आम्ही दहाही भावंडे तिला दिसलो, ओळीने उभी. जे कनेक्शन तोडले जाईल त्याच्या जागी प्रोग्राम आपोआप नवे जोडतो. म्हणजे आमच्यापैकी कुणाला तरी मरावे लागणार होते.

"तोडलं तर त्या मानसाच्या फोनवर न्हाई म्हून येईल," आदिनाथ कळवळून म्हणाला.

"येऊ दे. न्हाई म्हून कळलं असतं, तर राधाकिशनचा मेव्हना कवाच नगरला निघाला असता."

आणि तिने तोडले. माझ्या डाव्या हाताचे भावंड गेले. आम्ही एकत्र जन्मलो होतो. आवाज झाला नाही की काही नाही, नुसती जागा रिकामी झाली. त्या जागी कोरेकरकरीत नवे कनेक्शन उभे राहिले आणि दारातल्या पहिल्याच माणसाने त्याला उचलले. तो होता अंजूचा मामा. त्याने काय विचारले असेल? बी निगेटिव्ह. झाले, ते नवे पोरही आमच्या रांगेत येऊन ताटकळू लागले.

जोयाने ओठ घट्ट मिटले आणि दुसरे तोडले. माझ्या उजव्या हाताचे. या वेळी नव्या कनेक्शनला ओ पॉझिटिव्हवाल्याने उचलले. नाव मिळाले, कनेक्शन घरी परत. एका बाईला आपला फोन नंबर बदलायचा होता, बदलला, परत. एकच हात मोकळा झाला होता, पण दारातली गर्दी हलू लागली. पण त्या गर्दीत आता कलीम कुठे होता? त्याचा फोन खिशात होता आणि तो सीताफळे निवडून देत होता. अंजूच्या आणखी एखाद्या नातेवाइकाने गट टाकला असता, तर तोही हात अडकला असता. जोयाच्या पडद्यावर पुढचा नंबर माझा होता. तिचे बोट कळीवर टेकलेले मला जाणवत होते. मला मरणाची भीती नव्हती, खरे सांगते. भीती एकच होती, की मी गेले तर राधाकिशनला कोण सांगणार?

तेवढ्यात ठोका पडला. गिऱ्हाईक घासाघीस करून निघून गेले होते आणि कलीमने शेवटचे म्हणून बटण दाबून पाहिले होते. नव्या कनेक्शनने त्याची खबर उचलली, कोठारात नेऊन लिहिली आणि ते घरी परत गेले. एवढेसे काम ते. डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

माझी बघण्याची पाळी आली. मी पाहिले. नाव होते. ते घेऊन मी अशी धावले, तशी आयुष्यात धावले नव्हते. राधाकिशनच्या फोनवरची फिरती अक्षरे थांबली आणि तिथे आले: कलीम, कोर्टासमोर.

पुढचे मला कानावर आले तसे सांगते. राधाकिशनचा फोन आला तेव्हा कलीमने गाडा शेजारच्या चहावाल्याच्या स्वाधीन केला आणि तो पायीच दवाखान्याकडे पळत सुटला. त्याचे रक्त घेतले, तपासले, ते अंजूला चढले, ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरे नव्हते. अंजू वाचली. दुपार कलल्यावर तिने डोळे उघडले आणि मुलीला जवळ मागितले, असा निरोप आला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पाशाभाई ग्रीसचे हात पुसत वर आले होते, ते तसेच डोळ्यांना हात लावून खाली गेले.

आदिनाथ मात्र निरोप ऐकून खोलीत थांबला नाही. तो दवाखान्यात गेला आणि राधाकिशनसमोर उभा राहून त्याने सगळे सांगितले. शोध सुरू नव्हता, नुसते दार अडले होते, आणि तुम्हाला थांबा म्हणणारा मीच होतो. राधाकिशन म्हणाला, "दादा, न्हाई म्हनायचं तर बिनघोर न्हाई म्हनत जावा. मानूस दुसरं दार तरी ठोठावतो." आदिनाथने परत आल्यावर जोयाला हे जसेच्या तसे सांगितले, म्हणून मला कळले.

मधल्या वेळात जोयाने प्रोग्राम दुरुस्त केला आहे. आता नाव सापडले नाही, तर कनेक्शन तात्काळ घरी जाईल आणि माणसाला स्पष्ट सांगितले जाईल, की आत्ता नाही, दुसरीकडेही बघा, आणि कुणी आले तर आम्ही कळवू. भिवराबाईंसारख्यांना द्यायचा तो दिलासा त्यात आहे, पण त्यासाठी कुणाला धरून ठेवायला नको. या वेळी जोया, आदिनाथ, पाशाभाई आणि आजूबाजूच्या दुकानांतली माणसे अशा सगळ्यांनी तो चढवण्याआधी बाजूला चालवून एकाच वेळी फोनवर तपासून पाहिले. नाहीतर करायला जावे एक आणि व्हावे भलतेच.

आणखी एक गोष्ट घडली. आदिनाथ जेवायला घरी निघाला तेव्हा जोयाने फळीवरचे तिन्ही डबे काढून त्याच्या हातात दिले. तो गोंधळला. रिकामे कसे नेऊ, आई काय म्हणेल, असे पुटपुटला.

"आईला म्हन, जोयानं रिकामेच धाडले. लागत असतील तुमाला," ती म्हणाली.

आत्ताच तो परत आला आहे. हातात एक डबा आहे आणि त्यातून गरम धपाट्यांचा वास येतो आहे, असे पाशाभाई जिन्यातूनच म्हणाले. वत्सलाबाईंनी डबे उलटसुलट करून पाहिले म्हणे, आणि हसल्या. इतके दिवस पाठवायला भांडे नव्हते, म्हणून हात बांधल्यासारखे झाले होते, असे म्हणाल्या. दोन डबे ठेवून घेतले आणि एक लगोलग भरून दिला.

मित्रांनो, नवा प्रोग्राम चढवायचा तर जुना बंद करावा लागतो आणि त्याच्याबरोबर आम्ही जुनी कनेक्शनेही बंद होतो. जोयाचा हात कळीकडे निघाला आहे. त्या मधल्या घटकेत तुमच्याकडे एवढेच मागते. कुणाची वस्तू घेतली, कुणाचा वेळ घेतला, कुणाला वाट बघायला लावले, तर भरून द्यायच्या नादात अडकवून ठेवू नका. रिकामे का होईना, परत करा. दारात कोण कधीचे उभे आहे, ते तुम्हाला आतून दिसत नाही.

माझ्या हातात आत्ता काही नाही. मी घरी, माझ्या जागेवर आहे.